चार वाजताच्या फेरीची

शनिवारी फेरीबोटीचा पत्रा धक्क्यावर आपटला
की मी कपाटाचं कुलूप काढते.
दिवाडीच्या वाचनालयात मुलांसाठी एकच कपाट,
खालचा कप्पा कसरीने आधीच वाचून टाकलेला.

आल्झिरा तुकाराम वेळीप, वय पाच.
रजिस्टरात हे नाव लिहिलं तेव्हा
पेपर वाचणाऱ्या दोघांनी चष्मे वर केले.
आई इथलीच, पियेदादची,
बाप केपेंकडच्या डोंगरातला,
फेरीवर दोर फेकायचं काम.
“तू कोणाची गो?” त्यातल्या एकाने विचारलं.
तिने खूप विचार करून सांगितलं,
“चार वाजताच्या फेरीची.”

तिला अक्षरं येत नाहीत, घाईही नाही.
पुस्तक उघडते, पानभर बोट फिरवते
आणि विचारते, “हांव खंय?”

पहिल्यांदा मला कळलंच नाही.
म्हटलं, तू इथे, माझ्यासमोर, बाकावर.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या कंडक्टरकडे पाहतात.

मग स्वतःच शोधून दाखवलं.
लग्नाच्या चित्रात ती टेबलाखाली होती, कुत्र्यासोबत.
बर्फाच्या गावात
(बर्फ तिला ठाऊक तो मासळीवरचा)
धुराड्यातून निघालेला धूर.
राजाच्या मिरवणुकीत राजा नाही, राजकन्या तर नाहीच,
मागून छत्री धरून चाललेला तो बुटका.
का गं?
“ताका सगळें दिसता.”

एका शनिवारी ती नुसती भिंत होती.
घरी काही झालं असावं, मी विचारलं नाही.
भिंतीवर फक्त बोट ठेवलं
तर म्हणाली, हळू, रंग ओला आहे.

मला वाटलं, हिच्यासारखी कुणीतरी हिला पानावर मिळायला हवी.
अर्ज केला, दोनदा पणजीला जाऊन आले,
चवथीनंतर पार्सल आलं.
मुखपृष्ठावर मुलगी, सावळी, कुरळ्या केसांची,
फ्रॉकला खिसा, खिशात काहीतरी फुगलेलं,
पाठीमागे नदी आणि नदीकाठी खाजण.
पुढे करताना माझाच श्वास अडकला होता.

आल्झिरा बराच वेळ बघत राहिली.
“ही हांव न्हय.”
मी गप्प.
“ही म्हजी इश्टीण. हिचें नांव कितें?”
चोवीस पानं आणि मुलीला नाव नव्हतं.
तिने एक ठेवलं, मला सांगितलं नाही.
त्या दिवसापासून बाकावर सरकून बसते,
एकीपुरती जागा सोडून.

माझ्या लहानपणी पुस्तकांतली मुलं
पुण्याचं बोलायची.
मी घरी एक बोलायचे, वाचायचे दुसरं,
आणि मी कुठे आहे हे विचारायचं असतं
हेच कुणी सांगितलं नव्हतं.
त्यांचं बोलणं मात्र शिकले,
इतकं की हेसुद्धा त्यातच लिहिते आहे.

काल पाचला दार ओढून घेतलं,
राजाचं पान उघडलं, आणि एकटीने बोट फिरवलं.
घोडे, वाजंत्री, गच्चीतल्या बायका.
कुणीच नाही.
मग अगदी उजव्या कडेला एक हात,
मनगटापर्यंतच.
फुलं फेकणारा की थांब म्हणणारा, सांगता येत नाही.
माणूस पानाबाहेर राहून गेलेला.

आज तिला सांगितलं, हा हात म्हणजे मी.
तिने माझा हात उलटा करून पाहिला,
शिक्क्याच्या शाईचा डाग, बांगडीचा वळ,
चित्राशेजारी ठेवून ताडून पाहिला.
“बरें,” म्हणाली.
“पूण उरिल्ली तूं खंय?”
आणि पान उलटून
पलीकडे शोधू लागली.